कवितेला आणलेली माणसं

लोणावळ्यातल्या एका कॅफेत रविवारी संध्याकाळी कवितावाचन असतं. माझी शेजारीण निवृत्त शिक्षिका. सासूबाई गेल्यावर तिने त्यांच्यावर आयुष्यातली पहिली कविता लिहिली. ती चार लोकांनी ऐकावी अशी तिची फार इच्छा, म्हणून तळेगावहून मी तिच्यासोबत गेले.

तिथली रीत अशी, की प्रत्येक कवी आपली माणसं घेऊन येतो. त्याचं वाचून झालं की ती टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवतात, फोटो काढतात आणि त्याच्यासकट उठून जातात. पुढचा वाचत असला तरी खुर्च्या सरकवत जातात. मला शिसारी आली. शेजारीण मात्र प्रत्येकाचं मन लावून ऐकत होती. तिचा नंबर शेवटी लागला, तेव्हा एकच टेबल उरलं होतं आणि तेही उठायला लागलं.

"पाच मिनिटं बसा की," मी म्हटलं. "त्यांनी तुमची ऐकली ना?"

"सॉरी काकू, लोकल चुकेल."

मग शेजारणीने मला आणि कप गोळा करणाऱ्या वेटरला कविता वाचून दाखवली. निवेदक तोवर भिंतीवरचा बॅनर उतरवत होता. "छान, काकू," तो म्हणाला, "पुढच्या वेळी दहा-बारा जण घेऊन या."

ही आता परत यायचं नाव काढणार नाही, असं मला वाटलं. स्टेशनवर पोचल्यावर ती म्हणाली, "भिशीच्या सगळ्याजणींना आणू. मी पहिला नंबर मागून घेते, म्हणजे आपलं झालं की लगेच निघता येईल."