काणीचं खळं

माझा थोरला भाऊ भला माणूस होता, आणि त्याच्यावर जळायला मला तेवढं कारण पुरायचं. तो वाईट असता तर चारचौघांत भांडून मी मोकळा झालो असतो. पण त्याने कधी आवाज चढवला नाही, कधी वाटा मारला नाही. धाडच्या बाजाराला आम्ही दोघं जोडीने निघालो तरी रामराम आधी त्याला व्हायचा. मी मराठी सातवी झालेला आणि तो बैलांपायी शाळा सोडलेला, तरी माझ्याकडे बघून लोक म्हणायचे, "हा त्याचा धाकला."

वडील गेल्यावर वाटणी झाली. शेत, बैल, भांडीकुंडी, सगळं निम्मंनिम्मं. फक्त खळं सामाईक राहिलं, कारण खळं कोणी कापून वाटत नाही. दोन्ही शेतांच्या बांधावर ते वडिलांनी चोपून चोपून केलेलं, वर्षानुवर्षं शेणाने सारवलेलं. मधोमध तिवड्याचा खांब. त्याच्याभोवती कणसं पसरायची आणि त्यावरून बैल गोल फिरवायचे, ती पात. हंगामाची पहिली पात थोरल्याची, हा आमच्याकडचा मान. त्या दिवशी तिवड्याला नारळ फुटायचा, आळीतली माणसं यायची आणि भाऊ प्रत्येकाच्या पदरात ओंजळभर ज्वारी घालायचा. मी मागे उभा राहून कणसं सारखी करायचो. दरवर्षी त्या दिवशी माझं पोट दुखायचं. बायको म्हणायची ते पोट नव्हे, आणि तिचं बरोबर होतं.

आता काणीचं सांगतो. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते ती काणी. लहानपणी आम्हाला तिचं कौतुक होतं. कणसाच्या जागी एकच पांढुरकी गाठ येते आणि फुटली की काळ्या झिपऱ्या लोंबतात, ती झिपरी काणी. कोवळी असताना आम्ही पोरं ती खायचो. कणसात मध्येच कुठे शिंगासारख्या बारीक नळ्या निघतात, ती लांब काणी. तिसरीत सगळंच कणीस उघडं पडून काळं उडतं, ती मोकळी. आणि सगळ्यांत लबाड ती दाणेकाणी. ती दाण्याच्या जागी दाण्यासारखीच बसते, वरून राखाडी साल, दाबलं की आत काजळ. कोवळी झिपरी नेहमी भावाला आधी सापडायची. तो अर्धी मोडून मला द्यायचा, आणि ते अर्धं मला गोड लागायचं नाही.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा. एका उन्हाळ्यात तिकडून शेतकी खात्याचा एक माणूस आमच्या गावी आला. गावाने लगेच त्याचं नाव शेतकी मास्तर ठेवलं. चावडीपुढच्या लिंबाखाली त्याने पांढऱ्या कागदावर काणीची भुकटी ओतली आणि खिशातलं भिंग काढलं. सगळ्यांनी पाळीपाळीने डोळा लावला. धूळच होती, पण सारख्या आकाराची.

मास्तर म्हणाला, "ही राख नव्हे, हे बी आहे. काणी हा एक जीव आहे. उकिरड्यावर कुत्र्याची छत्री उगवते ना, शिळ्या भाकरीवर बुरशी येते ना, त्यांच्याच गोताची ही. या गोतात कोणाला पान नाही, फूल नाही, अंगात हिरवेपणा नाही. त्यामुळे उन्हातून स्वतःचं अन्न करता येत नाही. काही मेलेल्यावर जगतात, काही दुसऱ्याच्या घरात शिरतात. हे बारीक बी ज्वारीच्या दाण्याला चिकटतं. दाणा पेरला की त्याच्याबरोबरच मातीत रुजतं, कोंबात शिरतं आणि सुतासारखं धाटातून वर चढत जातं. बाहेरून काही दिसत नाही. झाड हिरवंगार. कणीस पडायच्या वेळेला मात्र दाण्याची जागा तेच घेतं, आणि एका दाण्याजागी पुन्हा असंख्य बी तयार होतं."

लोक हळहळले. मला मात्र त्या काणीबद्दल थोडा आदरच वाटला. दुसऱ्याच्या जागेवर बसायचं तर इतका धीर धरावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मास्तरला गावात एक शेत बियाण्यासाठी हवं होतं. पेरणीआधी काणी मारायला बी मोरचुदाच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवायचं, मग पेरायचं. पीक निर्मळ निघालं तर ते खातं विकत घेणार, गावोगाव बियाणं म्हणून वाटणार, आणि बुलढाण्याच्या प्रदर्शनात त्या शेतकऱ्याच्या डोक्याला पागोटं बांधणार. छापील कागद वाचणारा हवा म्हणून मास्तरने मला निवडलं. भाऊ बाजूलाच उभा होता. त्या दिवशी मला भाकर फार चवदार लागली.

मास्तरने दिलेल्या पुडीतून मी परसात मोरचुदाचं निळं पाणी केलं तेव्हा बायको हसली, "बियाण्याले नीळ देता का जी? धोतरं राह्यली तशीच." संध्याकाळी भाऊ आला. घंगाळात डोकावून म्हणाला, "मलेही दे बे थोडं. माह्याकडं अवंदा बियाण्यात काळं दिसून राह्यलं."

"पुडीत मोजून तेवढंच हाय," मी म्हणालो. पुडी अर्धी शिल्लक होती आणि माझ्या मागे कोनाड्यातच होती. त्याने ती पाहिली असावी. "बरं," म्हणाला आणि गेला.

त्या वर्षीसारखं पीक मी पुन्हा पाहिलं नाही. माझी कणसं मोत्यासारखी भरली. बांधापलीकडे भावाच्या कणसाकणसांत राखाडी दाणे. मी रोज बांधावरून चालायचो, कामाशिवाय चालायचो. लोक थांबून माझं शेत बघायचे आणि रामराम मला आधी करायचे. मास्तर कणसं हातात चोळून खूश झाला. जाताना त्याने एकच गोष्ट बजावली. "मळणीत काणीचे दाणे फुटतात आणि भुकटी चांगल्या दाण्याला बसते. तुमची मळणी या खळ्यावर करू नका. तुमच्या शेतात कोरं खळं करा."

मी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं. शेताच्या वरच्या टोकाला जागा साफ केली, पाणी मारून चोपायलाही लागलो. बायकोने शेण आणलं. पण त्याच सकाळी बांधावर नारळ फुटला. मान वर केली तर भावाने तिवड्याला झेंडूची माळ घातलेली, आळीतली माणसं जमलेली, बैल फिरताहेत. काणीने भरलेली त्याची ज्वारी, आणि तरी माणसं पदर पसरून उभी. परत जाताना एक म्हातारा माझ्यापाशी थांबला. "काऊन बे, बापाचं खयं सोडलं काय तू?"

एवढं पुरलं. माझं डोकं फिरलं. आज मी इथे मळलं की बापाचं खळं कायमचं त्याचं झालं, पहिली पात त्याची आणि शेवटचीही त्याचीच, असं मला स्वच्छ दिसायला लागलं. मी गाडी जुंपली आणि माझी कणसं त्यात भरायला लागलो. बायको आडवी आली. "मास्तरनं काय सांगतलं तुमाले? पागोटं पायजे का खयं पायजे?"

"दोनी पायजे," मी म्हणालो. खरंच दोन्ही हवं होतं.

भाऊ खळ्यावर तिवईवर उभा राहून रास उपणत होता. हवेत काजळ उडत होतं, त्याच्या मिशा काळ्या झाल्या होत्या. माझी गाडी पाहून तो खाली उतरला. "इथं नको आणू गड्या. समदं काणीनं भरलं हाय. तुहं बी खराब होईन."

"काऊन? खयं तुह्या एकट्याच्या बापाचं हाय का?"

"तसं नाई बे. थांब चार दिवस. झाडून, सारवून देतो तुले."

"माह्या बैलाले आजच पात पायजे."

मग त्याने आपली रास पोत्यात भरली, कुंचा घेऊन जमेल तेवढं खळं झाडलं आणि बाजूला झाला. मी माझी मोत्यासारखी कणसं त्या जमिनीवर ओतली आणि तिवड्याभोवती बैल फिरवले. खुरांखालून काळा धुरळा उठत होता. मी मोठ्याने हाका घालत होतो, आळीत ऐकू जावं म्हणून.

मास्तर पोती बघायला आला तेव्हा त्याने फार काही केलं नाही. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, मूठभर ज्वारी टाकून हलवली. पाणी गढूळ काळं झालं. त्यातला थेंब कागदावर टिपून त्याने भिंग माझ्या हातात दिलं. सारख्या आकाराची ती धूळ मी ओळखली.

"खायला चालेल," तो म्हणाला. "मोरचुदात भिजवून तुम्हाला पेरताही येईल. पण हे खात्याचं बियाणं म्हणून मला गावोगाव वाटता येणार नाही." मी का केलं ते त्याने विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भावाने मास्तरकडून स्वतःची पुडी आणली. वाचून दाखवायला माझा पोरगा नेला. पीक निर्मळ आलं. कापणीआधी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "मी माह्या वावरात वरतं नवं खयं केलं. बापाचं खयं तुलेच राहू दे. पह्यली पात तुही." त्याच्या आवाजात टोमणा शोधायचा मी फार प्रयत्न केला. नव्हता.

मग एका सकाळी मी तिवड्याला माळ घातली, नारळ फोडला, पहिली पात धरली. इतकी वर्षं जिच्यासाठी पोट दुखलं ती ही पात. पदर पसरायला कोणीच आलं नाही. सगळी आळी वरच्या खळ्यावर खात्याचं बियाणं बघायला गेली होती. माझ्या ज्वारीत अजून काणी होतीच, कारण मास्तरचं तोंड पाहायचं नव्हतं म्हणून मी मोरचूद आणलंच नव्हतं.

दुपारी भाऊ आला. खळ्याच्या कडेला वहाणा काढून उभा राहिला.

"आत ये ना," मी म्हणालो.

"नाई बे. पायाले काणी लागन. बियाण्याचं काम हाय माहं." मग तो तिथूनच वाकला, तिवड्याकडे हात जोडले आणि वहाणा घालून बांधाने वर निघून गेला.

मी बैल थांबवून त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. बापाच्या खळ्यावर पाय न ठेवताही माणसाला परत जाता येतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्याच्या पागोट्याचा हेवा मला पुढे वाटायचा होता. त्या दुपारी मला त्याच्या त्या निघून जाण्याचाच हेवा वाटला.