बाईंनी ठेवलेलं नाव

आमच्या ड्रिलच्या बाईंच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवायची वेळ त्यांच्यावर क्वचितच यायची. आवाजच असा खणखणीत, की मैदानावर त्यांनी "सावधान" म्हटलं की पलीकडच्या गल्लीत दाढी करून घेणारा माणूससुद्धा ताठ बसायचा. सहावारी साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि तोंडात प्रत्येक मुलीसाठी एक वेगळं नाव. हजेरीतलं नाव त्यांच्या लेखी कागदापुरतं. किडकिडीत सुमन म्हणजे 'उदबत्ती', अखंड बडबडणारी विमल म्हणजे 'रेडिओ', आणि मी, सहावीतली जैतून, सगळ्या वर्गात जाड, म्हणून 'पैलवान'.

हे नाव त्यांनी का ठेवलं ते आधी सांगते, म्हणजे त्यांच्यावर अन्याय व्हायला नको. माझ्या हातून तो पुरेसा झालेला आहे. बाई आमच्या शिवाजी पेठेतल्याच. त्यांचे वडील नावाजलेले मल्ल. घरात 'पैलवान आले', 'पैलवान जेवले' असंच बोलायची पद्धत. वडील तालमीतून परत येताना दिसले की कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहायची. त्या घरात वाढलेल्या मुलीला यापेक्षा मानाचा शब्द ठाऊकच नव्हता. "अगं, पैलवान म्हणवून घ्यायला आमच्यात माणसं हाडं मोडून घेत्यात," असं त्या मला पुढं एकदा म्हणाल्या. त्यांना वाटायचं, आपण नाव ठेवतोय. मला ऐकू यायचं, बाई नावं ठेवतायत. एका अनुस्वाराचा काय तो फरक, पण त्याखाली मी पार दबून गेले.

अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. माझा गणवेश ते स्वतः शिवायचे आणि शिवणीच्या आत भरपूर माया सोडायचे, म्हणजे पुढं उसवून मोठा करता यावा. माझं माप घेताना आकडा ते कधी मोठ्यानं म्हणायचे नाहीत. मनातल्या मनात वाचायचे आणि खडूनं कापडावर खूण करायचे. शाळेत मात्र दरवर्षी वजनाचा दिवस असायचा. हॉलमध्ये मधोमध काटा, समोर मांडी घालून बसलेले सगळे वर्ग, आणि एकेकीला पुढं बोलावून तिचं वजन खणखणीत आवाजात सांगायचं. त्या वर्षी माझी पाळी आली तशा बाई कौतुकानं ओरडल्या, "हं, आता आमचा पैलवान येऊ द्या!" आणि आकडा सांगितला. अख्खा हॉल हसला. तपासायला आलेले डॉक्टरही हसले आणि म्हणाले, "हिला घरी जरा कमी वाढा." बाई पण हसत होत्या. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त त्यांचे दात दिसत होते.

संध्याकाळपर्यंत ते नाव शाळेबाहेर पोचलं. तालमीच्या कट्ट्यावरची पोरं मी दिसले की उभी राहून मुजरा करायला लागली, "ओ पैलवान, कुस्ती कवा?" घरी काय सांगणार, कपाळ? मी खाणंच बंद केलं. सकाळी पोट दुखतंय म्हणून चहाच्या दोन घोटांवर निघायचे. अम्मी भाकरी-भाजीचा डबा भरून द्यायची, तो मी शाळेमागं बांधलेल्या गाईला घालायचे. गाय तेवढी खूश होती. असे काही दिवस गेले आणि मग भर उन्हात ड्रिल चालू असताना माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मी पडले.

डोळे उघडले तेव्हा माझं डोकं बाईंच्या मांडीवर होतं. मला एकटीनं उचलून त्यांनी सावलीत आणलं होतं. "सकाळी काय खाल्लंवतंस?" त्यांनी विचारलं. मग, "आणि काल?" मला जे रडू फुटलं, त्यातून एवढंच बाहेर आलं, "मला पैलवान म्हणू नका ना, बाई." त्यांचा चेहरा असा खर्रकन उतरला की मीच घाबरले. त्यांनी स्वतःचा डबा मागवला, भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि दुसरा आपल्या तोंडात घातला. "मी बी खातो तुझ्यासंगं. खा," म्हणाल्या. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी खातो'च म्हणतात. तो एक घास त्या कितीतरी वेळ चावत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि माझ्याकडं बघत नुसत्याच उभ्या राहिल्या. आता बाई सगळ्यांसमोर माझी माफी मागणार, या विचारानं मी बाकाची कड घट्ट धरली. त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं ते. मग काय मनात आलं कोण जाणे, एकदम फळ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "आजपास्नं कुणाला टोपणनाव न्हाई. जिला तिला आईबापानं ठेवलेलं नाव." उदबत्ती, रेडिओ, पैलवान, सगळी नावं एका दमात गेली. कुणासाठी गेली, ते कुणालाच कळलं नाही. विमलला तर फार वाईट वाटलं, तिला रेडिओ हे नाव मनापासून आवडायचं.

काटाही हॉलमधून हलला. तो ड्रिलच्या सामानाच्या खोलीत गेला. एकेकीनं आत जायचं, दार लोटायचं. बाई आकडा बघायच्या, लिहायच्या आणि तोंडानं फक्त "जा, पुढची पाठव" म्हणायच्या. पुढं कधीतरी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं की जाड मुलींची वेगळी रांग करा आणि त्यांना रोज मैदानाला फेऱ्या मारायला लावा. ड्रिलच्या बाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या. दार बंद होतं, पण त्या आवाजापुढं दाराची काय मातब्बरी! व्हरांड्यात आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आला. "येगळी रांग केली की त्या पोरी उद्या शाळेत येणार न्हाईत, बाई. पळायचं तर सगळ्या पळतील. मी बी पळतो की!" आणि खरंच, सगळी शाळा पळायला लागली. बाई सगळ्यांच्या मागं. माझा दम संपत आला की त्या माझ्याआधी थांबायच्या आणि बुटाची नाडी बांधायला खाली बसायच्या. बाईंची नाडी नेमकी तेव्हाच कशी सुटते, हे मला बरीच वर्षं उलगडलं नाही.

डबा खायलाही त्या आमच्यात येऊन बसायला लागल्या. कुणाच्या डब्यात काय आहे, किती आहे, यावर एक अक्षर नाही. एखादीनं न खाता डबा मिटला तर मात्र "का गं, काय झालं?" म्हणून हळूच तिच्याजवळ सरकायच्या. मी बारीक झाले का? थोडी झाले, बरीचशी नाही झाले. पण जेवायला लागले, पळायला लागले, आणि शाळेच्या फाटकाशी पाय अडायचे ते अडायचे थांबले.

इतकं करूनही बाईंच्या मनातली बोच गेली नाही. शाळा संपली, लग्न होऊन मी पेठेतच राहिले, आणि दर ईदला बाई शीरखुर्मा खायला आमच्याकडं यायच्या. दोन वाट्या खायच्या, तिसरी मागून घ्यायच्या. निघताना चपला घालता घालता हळूच, म्हणजे त्यांच्या हिशेबानं हळूच, गल्लीला ऐकू जाईल असं विचारायच्या, "जैतून, राग गेला का गं?" मी हसायचे. "काय बाई तुम्ही पण!" म्हणायचे. 'गेला' असं मात्र कधी म्हटलं नाही. खोटं बोलवत नव्हतं, हे एक. आणि दुसरं, एवढ्या मोठ्या बाईनं दरवर्षी माझ्या उंबऱ्यात असं उत्तराची वाट बघत उभं राहावं, याचं मला कुठंतरी बरं वाटायचं. आज त्याची लाज वाटते. एक शब्द त्यांच्या हातावर ठेवायला माझं काय जात होतं?

माझी शाहीन दहा वर्षांची होती तेव्हाची ईद. शाहीन माझ्यावर गेलेली, अंगानंही. घर पाहुण्यांनी भरलेलं. शाहीननं वाटी दुसऱ्यांदा पुढं केली आणि माझी नणंद काहीतरी पुटपुटली. मी भर पाहुण्यांत पोरीच्या हातातली वाटी काढून घेतली. "बास झालं आता. आरशात बघ जरा स्वतःला!" लोक हसले. मीही हसले. शाहीन उठून आत गेली.

बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. त्यांनी आपली अर्धी भरलेली वाटी खाली ठेवली, उठल्या आणि दाराशी जाऊन चपला घालायला लागल्या. मी मागं धावले. त्या काही विचारेनात. शेवटी मलाच राहवलं नाही. "बाई, गेला हो माझा राग," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. रागवायला मला तोंडच उरलं नव्हतं.

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज खरोखरच हळू झालेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "माझं ऱ्हाऊ दे आता," त्या म्हणाल्या. "आत जा. तुझ्यावर कोण रागावलंय ते बघ जा." आणि गल्लीतून निघून गेल्या. पुढची ईद यायच्या आत बाई वारल्या, म्हणजे आमचं ते शेवटचंच बोलणं.

मी आत गेले. शाहीन भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी वाटी भरून नेली होती, वर मूठभर बदाम-चारोळी घालून, लाच दिल्यासारखी. "शाहीन, ऊठ गं. चुकलं माझं. एवढं खा."

"मला भूक नाही, अम्मी," ती भिंतीला म्हणाली. रडत नव्हती. अगदी समजुतीनं म्हणाली.

भूक असताना भूक नाही म्हणणाऱ्या पोरीचा आवाज कसा असतो, ते त्या भरल्या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं. आणि तिला तो मीच शिकवला होता.