आमचे सर आणि गॉल्जी पिंड

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांइतका संशयखोर माणूस देवानं दुसरा घडवला नाही. हे वाक्य सरांच्या नजरेस पडलं असतं तर त्यांनी आधी मलाच धरलं असतं, "देवानं घडवला हे तुले कोणं सांगतलं? तू गेलता पाहाले?" अकोला जिल्ह्यातल्या शिरपूरच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, ते विज्ञान. आमच्या वर्गांमध्ये एक पातळ भिंत होती. माझा कवितेचा तास रंगात आला की पलीकडून घोष सुरू व्हायचा, "पाहल्याशिवाय मानाचं नाही! पाहल्याशिवाय मानाचं नाही!" मग माझी पोरं कवितेतल्या चंद्राकडेही संशयानं बघायची. असल्या शेजारात काय डोंबलाची कविता शिकवणार!

छप्पन साली त्यांच्या घरानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा सर मॅट्रिकला होते. तपासून घ्यावं आणि मगच मानावं, हे त्या वयात कानावर पडलं ते हाडात मुरलं. पण माणसात किती मुरावं? हेडमास्तरांना ताप आलाय असं शिपायानं सांगितलं, तर हे थर्मामीटर घेऊन त्यांच्या घरी हजर. हेडमास्तर अंगणात खाट ठोकत बसले होते. पुढं महिनाभर त्या दोघांचं बोलणं चिठ्ठ्यांवर चाललं. मला मुलगी झाली तेव्हा मी पेढा पुढे केला, तर पेढा तसाच हातात धरून सर माझ्याबरोबर घरी आले, पाळण्यात वाकले, बाळाची हातापायाची बोटं एकेक करून मोजली आणि म्हणाले, "वीस हायेत. आता मानलं." मग पेढा खाल्ला. बायको मला त्या दिवशी जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शाळेत एकच पितळी सूक्ष्मदर्शक होता आणि त्याच्या कपाटाची किल्ली सरांच्या गळ्यात असायची. कांद्याचा पातळ पापुद्रा ठेवून ते पोरांना रांगेनं पेशी दाखवत, केंद्रक दाखवत, आणि मग दर वर्षी तेच भाषण देत. "इटलीत एक डॉक्टर होता. त्यानं मेंदूचा तुकडा चांदीच्या द्रावणात बुडवला. त्याले पेशीत काळी जाळी दिसली. लोकायनं तिले त्याचंच नाव देलं, गॉल्जी पिंड. मी इतकी वर्षं या नळीतून पाहून राह्यलो, मले नाही दिसली. तो चांदीचा डाग हाय. लिहून घ्या, डाग!" पोरं लिहून घ्यायची. सरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या प्राध्यापकांनीही त्यांना हेच शिकवलं होतं आणि मोठमोठे शास्त्रज्ञ यावरून वर्षानुवर्षं भांडले होते. पुढं कधीतरी ते भांडण मिटलं, पण मिटल्याची बातमी शिरपूरपर्यंत आलीच नाही.

मग अकरावीचा नवा अभ्यासक्रम आला आणि सरांना अकोल्याला प्रशिक्षणाला पाठवलं. ते परतले त्या दिवशी मी सासूबाईंना गाडीत बसवायला जऊळक्याच्या स्टेशनावर गेलो होतो. गाडीतून सर उतरले. पिशवी डब्यातच विसरलेले, चपलेचा अंगठा तुटलेला, हातात एक कागद. "पंडित, हाय रे! हाय!" एवढंच ओरडत ते धावत आले. अकोल्याच्या एका जाड पुस्तकात त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेला गॉल्जी पिंडाचा फोटो पाहिला होता आणि पेन्सिलीनं तो उतरवून आणला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी कागद सासूबाईंपुढे धरला.

"हे पाहा मावशी. भाकरीची चळत असते ना, तशा चपट्या पिशव्या, एकावर एक. प्रथिनं तयार होतात दुसरीकडं. मंग लहान लहान फुग्यात बसून ह्या अंगानं आत येतात. एका पिशवीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. कुठं काटछाट होते, कुठं साखरेची साखळी जोडतात. आन त्या टोकाले पोचली का नीट बांधून रवाना! काही पेशीतच ठेवाची, काही बाहेर धाडाची. तुमच्या तोंडातली लाळ, गाईच्या दुधातलं प्रथिन, समदं तिथूनच बांधून निघते."

"बाप्पा! हे समदं माह्या पोटात?" सासूबाई म्हणाल्या.

"नुसतं पोटात नाही मावशी, एकाएका पेशीत! आन तुमाले न इचारता!"

सासूबाईंनी कागदाला नमस्कार केला. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या पाच-सहा वाकड्या रेघा बघताना माझ्याही अंगावर काटा आला. मी तिथं नुसता उभा होतो, विडीची तल्लफ आवरत, आणि माझ्या आत लाखो ठिकाणी कोणीतरी न थकता, न चुकता सामान बांधून पाठवत होतं. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. गाडी निघून गेली तेव्हा कळलं की सासूबाई फलाटावरच आहेत.

तो आनंद बसस्टँडपर्यंत टिकला. तिथं सर एकदम थांबले आणि म्हणाले, "पंडित, मंग इतक्या वर्षांच्या पोरायले मी खोटंच शिकवलं का रे?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना गाठून चूक कबूल करायला सुरुवात केली, आणि साक्षीदार म्हणून मला फरपटत नेलं. शिंपी झालेल्या एकाला त्यांनी गिऱ्हाइकाच्या अंगावरचं माप सोडायला लावून गॉल्जी समजावला. रिसोडच्या बसमध्ये कंडक्टर निघाला तोही त्यांचाच. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, माहं काय, मी तिकिटं फाडतो. पण कुसुम त्याच्यातच नापास झाली ना. तुमाले नाही माहीत?"

कुसुम म्हणजे गावाबाहेरच्या भाजीच्या मळ्यातली, सरांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. कॉलेजात सायन्सला गेली होती आणि एका वर्षात परत आली होती. का, ते कोणी विचारलं नव्हतं, आम्हीही नाही. कंडक्टरनं सांगितलं ते असं, प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला गॉल्जी पिंड विचारला. ती म्हणाली, तो डाग आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, पोरगी हटली नाही. आता पुन्हा बसायचं तर फॉर्म भरायला चार दिवस उरले होते, आणि घरातून कोणी भरू देत नव्हतं.

पुढच्या थांब्याला सर उतरले आणि गावाकडे परत चालत निघाले, मागून मी. मळ्यात कुसुम मेथीच्या जुड्या बांधत होती. सर चपलांसकट ओल्या वाफ्यात उभे राहिले. "कुसुम, गॉल्जी पिंड हाय. मी चूक शिकवलं. तुहं साल माह्याच्यानं गेलं."

"मले माहीत हाय सर." तिनं जुडी बांधली, बाजूला ठेवली. "परीक्षेच्या आधीपासून. कॉलेजच्या पुस्तकात फोटो होता."

"मंग नाही काहून म्हटलं, पोरी?"

"साहेबानं इचारलं तं तुमचाच आवाज कानात आला. पुस्तक लिवणाऱ्याले मी वळखत नाही सर. तुमाले वळखते."

सर बांधावर बसले. "पाहल्याशिवाय मानू नको म्हणून शिकवलं तुले. आन माहंच तू न तपासता मानलं?" मला त्यांच्याकडे बघवेना. इतक्यात तिचे वडील फावडं घेऊन आले. सर उठले आणि त्यांच्यापुढे हात जोडले. "दादा, फॉर्म भरू द्या. पोरगी चुकली नाही. मी चुकलो."

वडिलांनी फावडं बांधाला टेकवलं. मग म्हणाले, "मास्तर मानूस सोताच चुकलो म्हणते, असं मी आज पह्यल्यांदा पाहून राह्यलो." दुसऱ्या दिवशी ते स्वतःच कुसुमला घेऊन फॉर्म भरायला गेले.

उन्हाळ्यात परीक्षा देऊन ती थेट शाळेत आली. सुट्ट्या लागल्या होत्या, वर्गात सर आणि मी दोघंच होतो. सरांनी बस म्हणायच्या आधी विचारलं, "इचारलं का?"

"इचारलं सर. तेच साहेब होते. मी समदं सांगतलं, चित्रबी काढलं. मंग साहेब म्हणे, मागच्या साली तं तू नाहीच म्हणत होती."

"मंग?"

"मी म्हटलं, साहेब, मागच्या साली आमच्या सरायनं पाहलं नव्हतं."

सर वळले, त्यांनी डस्टर उचललं आणि फळा पुसायला लागले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तरी ते पुसत राहिले, आणि आम्ही दोघं त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिलो. सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते अजून तसेच पाठमोरे दिसतात.