चहा ठेवण्याआधीचं पान

मी पिंपळगाव राजाला गेले ते सुमनच्या एका फोनमुळे. सुमन माझी मावसबहीण. तिचे यजमान, आमचे भाऊजी, जाऊन वर्ष होत आलं होतं. ते शाळामास्तर होते. रोज सकाळी देवापुढे बसून उपनिषदांची संस्कृत पोथी मोठ्याने वाचायचे आणि सुमन शेजारी वाती वळत बसायची. वर्षश्राद्धाला ती पोथी देवळात द्यायची, असं तिच्या मोठ्या दिरांनी, नानांनी ठरवलं होतं.

"देऊ दे," सुमन फोनवर म्हणाली, "पण त्याच्याआधी मले सांग, ते काय वाचत होते? सारा संसार झाला ऐकता ऐकता, अन् मले एक ओळ समजली नाही. तू संस्कृत शिकली नं कॉलेजात?"

शिकले होते, पण त्यालाही आता जमाना झाला. म्हणून आधी दुकानात जाऊन आजच्या मराठीतलं भाषांतर घेतलं. वर मूळ, खाली अर्थ, आणि अनुवादक मध्येच उपदेश करायला येत नाही, एवढं पाहिलं. तुम्हाला घ्यायचं असेल तर तिथंच उभं राहून एक पान मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर पुस्तक परत ठेवा.

नाशिकहून सकाळच्या गाडीने निघाले. जलंबला उतरलं की खामगावची छोटी गाडी मिळते. तिची वेळ आधी विचारून घ्या. जमत नसेल तर शेगावला उतरून एसटी धरा. खामगावात कापसाने भरलेली वाहनं जिनिंग कारखान्यांबाहेर रांगेने उभी होती आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस चिकटलेला होता. स्टँडजवळ कचोरी खाल्ली. सोबतच्या तळलेल्या मिरचीला कमी लेखू नका. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे पुढचा प्रवास स्वस्तातच झाला. दोन्हीकडे तुरी फुलावर आलेल्या आणि हरभरा नुकता हिरवा. हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात जाऊ नका.

पिंपळगावच्या स्टँडवर रफिकभाईंची ऑटो मिळाली. माझी बॅग उचलताना ते म्हणाले, "मॅडम, गोटे भरले काय याच्यात?"

"पुस्तक आहे. पोथीचा मराठी अर्थ."

"तर्जुमा म्हना नं! आमच्या घरीबी आहे, कुराणाचा. अरबी माही पाठ आहे, पण मतलब सून वाचून सांगते. मले म्हणते, अब्बा, आजवर तुम्ही अल्लाशी बोलले, आता तो काय म्हणते ते ऐका."

ते स्वतःच मोठ्याने हसले आणि दारापर्यंत सोडून गेले.

सुमन वाळली होती. जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी केली होती. मला आग्रह करकरून वाढलं, स्वतः मात्र चतकोरावर उठली. मी रागावले. तिने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवापुढे बसलो. नाना दारातूनच म्हणाले, "मराठीत वाचून काय होते, ताई? ते त पेपर वाचल्यासारखं झालं. मंत्रात नाद असते."

"नाद तुम्ही ऐका, नाना. अर्थ सुमन ऐकेल."

"लय कडक आहे वो तुमची बहीण," ते सुमनला म्हणाले. पण सतरंजीवर येऊन बसले.

मी भाऊजींच्या पोथीतून संस्कृत वाचायची, मग पुस्तकातून मराठी. सुमनचे हात कापसावर चालू होते. बराच वेळ ती नुसतं हं, हं करत होती. मग एका ठिकाणी मी संस्कृत वाचत असताना तिने माझा हात धरला.

"थांब. हे माह्या ओळखीचं आहे. इथं ते थांबायचे."

"कशाला?"

"चहासाठी. या जागी आले की थांबायचे अन् माह्याकडं पाहायचे. मी उठून चहा ठेवायची. दर खेपेले."

"अन् तो चहा गार होये," नाना म्हणाले. "हा आपला वाचतच राहे. कपाले हात नाही लावे."

मी पुस्तकातला अर्थ वाचला. एक ऋषी घर सोडून निघाला आहे. जाण्याआधी बायकोला तिचा वाटा देऊ करतो. ती म्हणते, धन घेऊन मी काय करू, तुम्हाला जे कळलंय ते मला सांगा. त्याला फार बरं वाटतं. तू मला आवडायचीसच, तो म्हणतो, आता आणखी आवडलीस. ये, बस. सांगतो.

वळायला घेतलेली वात सुमनच्या तळहातावर तशीच राहिली.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"ते 'ये, बस' म्हणून राह्यले होते," ती सावकाश म्हणाली, "अन् मी उठून जात होती."

"घर माणसांनी भरलेलं होतं तवा," नाना खाली पाहत म्हणाले. "मायबाप समोर बसलेले. बायकोले तोंडानं कसं म्हणन तो?"

"साऱ्या गावच्या पोराइले समजावून सांगत," सुमन म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. "माह्याकडं मात्र नुसतं पाहून सोडून देत." मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "पुढं वाच. काय सांगितलं त्यानं तिले?"

मी वाचू लागले. थोड्या वेळाने नाना उठले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ प्रश्न, "साखर कुठं ठेवता वो?" त्या घरात थोरल्या दिराने भावजयीसाठी चहा केल्याचं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. चहा फार गोड होता. तो आम्ही गरमच प्यालो.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पोथीचा विषय निघाला तेव्हा नानाच म्हणाले, "राहू द्या घरात. देवळात कोन वाचते?"

परतताना बॅग हलकी होती. मूळ आणि भाषांतर, यांत मोठं कोणतं, हा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. सुमनने ते पान ओळखलं संस्कृतच्या आवाजावरून, हे मी विसरत नाही. पण आवाज तिच्याकडे आधीपासूनच होता. त्यातला निरोप तिला पोचला तो तिच्या बोलीजवळच्या मराठीतून, आणि एवढ्यासाठी मी ते पुस्तक पुन्हा तितक्या लांब वाहून नेईन.

परवा तिचा फोन आला. आता ती एकटीच वाचते, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून.

"आज त्या पानावर आली होती," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? बसूनच राह्यली."

"आणि चहा?"

"ठेवला नं मागून. घाई कोनाले आहे?"