बाराव्याआधीची पावणी

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. चार शेळ्या आणि सहा कोंबड्या! सांगायला बसलो की माझी मुलं आजही हसतात. हसा म्हणावं खुशाल. मोठमोठ्या तपासांनी जे शिकवलं नाही, ते मला त्या चार शेळ्यांनी शिकवलं.

गोवा घटकराज्य होऊन फार काळ लोटला नव्हता. भाषेच्या वादाची धग गावांतून हळूहळू ओसरत होती. मी तेव्हा पेडणे तालुक्यातल्या एका लहानशा आउटपोस्टचा प्रमुख होतो. हाताखाली एक जुना हवालदार, तीन शिपाई आणि हवा ढगाळली की रुसून बसणारा वायरलेस सेट. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग चहा. तक्रारी येत त्या बांधावरच्या भांडणाच्या, माडावरून उतरवलेल्या नारळांच्या, फार तर मांद्र्याच्या किनाऱ्यावर हरवलेल्या एखाद्या परदेशी पाहुण्याच्या पिशवीच्या.

एका रविवारी सकाळी चाळिशीतला एक गृहस्थ तणतणत आत आला. आखातात नोकरीला होता. त्याचे वडील आठवड्यापूर्वीच वारले होते. वडील बागायतदार, गाव त्यांना भाटकार म्हणे, म्हणजे जमीनदार. हा एकुलता एक मुलगा. रजा थोडी म्हणून दिवसकार्य त्याने तिसऱ्याच दिवशी उरकून घेतलं होतं. बागायत कसायला दिली होती, आणि शेळ्या-कोंबड्यांची त्या रविवारीच पावणी ठेवली होती. पावणी म्हणजे आमच्याकडचा लिलाव. जत्रेत देवाला आलेले कोंबडे, नारळ, केळीचे घड असेच बोली लावून विकतात.

"रात्रीत निम्मा गोठा रिकामा झाला, साहेब," तो म्हणाला. "आठातल्या चार शेळ्या, बारातल्या सहा कोंबड्या. कोणी नेल्या तेही मला ठाऊक आहे."

त्याचा संशय जनावरं सांभाळणाऱ्या बाईवर होता. ती मूळची सिंधुदुर्गातली, लग्न होऊन या गावात आलेली, आता साठीची विधवा. भाटकारांची शेरडं, म्हणजे शेळ्या, वर्षानुवर्षं तिच्याच पडवीत असत. पावणीसाठी सगळी जनावरं आणून गोठ्यात बांध, असं मुलाने आदल्या दिवशी फर्मावलं. तिने मुकाट्याने आणून बांधली. आणि सकाळी पाहतो तर निम्मी गायब.

"तिला आत टाका. परवा माझं विमान आहे."

"विमान तुमचं आहे, माझं नाही," मी म्हटलं. "आधी जागा बघू द्या."

माझा स्वभाव तेव्हाही तापटच होता. कोणी 'आत टाका' म्हटलं की माझी तार सटकायची. अहो, माणूस आत टाकणं म्हणजे काय पत्र पेटीत टाकणं आहे?

बागायतीत पोचलो तेव्हा पावणी सुरू झालेली. उरलेल्या चार शेळ्या फणसाला बांधल्या होत्या, कोंबड्या टोपल्यांखाली. पुकारायला देवळात जत्रेची पावणी पुकारणारा गृहस्थच आणला होता. एरवी त्याचा आवाज दोन वाड्यांवर जायचा, आज मात्र घशात बेडका अडकल्यासारखा येत होता. अंगणात तीसेक माणसं उभी. पण बोली बोलेल तर शपथ! एकटा म्हापशाचा व्यापारी तेवढा हात वर करत होता.

"बघा, सगळ्यांनी संगनमत केलंय," मुलगा माझ्या कानाशी पुटपुटला.

मलाही तसंच वाटलं. तक्रार आलेली असताना माल विकून जाऊ देणं बरं नव्हे, म्हणून पावणी थांबवायला मी हात वर केला. नेमका तेव्हाच पुकारणाऱ्याने तांबडा कोंबडा उचलला होता.

"साहेबांची बोली!" तो ओरडला. "एक... दोन..."

"अरे बाबा, बोली कसली! थांब म्हणतोय मी!"

त्या सकाळी अंगणात पहिल्यांदा हशा पिकला. पण तो पटकन विरला, आणि माणसं पुन्हा खाली माना घालून उभी राहिली. या गप्प राहण्यात काहीतरी आहे, एवढं माझ्या लक्षात आलं. काय आहे ते कळेना. प्रकरण मिटेपर्यंत एकही जनावर हलणार नाही, असं बजावून मी निघालो. व्यापारी शिव्या घालत गेला.

बाई दुपारी आपणहून आउटपोस्टवर आली. पेडण्याहून महिला शिपाई मागवली होती, तिच्यासमोर विचारपूस सुरू केली. बाई जमिनीवर बसू लागली, तिला बाकावर बसवलं. चहा दिला, तो तिने घेतला नाही.

"मावशी, शेरडं तुम्ही नेलीत?"

"व्हय."

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

"विकलीत?"

"नाय."

"मग कुठं आहेत?"

"आसत. खातत, पितत. बरी आसत."

"आणि ती कुणाची? तुमची की भाटकारांची?"

इथे मात्र तिच्या तोंडाला कुलूप लागलं. चार वेळा विचारलं, चारही वेळा ती नुसती भिंतीकडे बघत राहिली. मी म्हटलं, बोलला नाहीत तर गुन्हा नोंदवावा लागेल, अटक होईल.

"होऊंदे. पण आधी बारावा होऊंदे, साहेबानू. मगे काय ता इचारा. सगळा सांगान."

माझा पारा चढला. बाराव्याला अजून तीन-चार दिवस होते. तोवर शेळ्या हद्द ओलांडून महाराष्ट्रात, आरोंद्याच्या पलीकडे पोचून मटण होतील, आणि ही आपल्याला खेळवतेय, असंच मी समजलो. मी टेबलावर हात आपटला. ती दचकली नाही, शाईची दौत मात्र कलंडली. महिला शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "साहेब, या बाईकडे पाच गावांची जनावरं असतात. एकदा चोर म्हणून शिक्का बसला की कोणी कोंबडीसुद्धा सांभाळायला देणार नाही. मग ही खाणार काय? आणि हे तिला कळत नसेल होय? तरी बोलत नाही."

ते मला लागलं. खोटं बोलणारी माणसं मी रोज पाहत होतो. ती फार बोलतात, शपथा घेतात, रडतात, देवाला मध्ये आणतात. ही बाई यातलं काहीच करत नव्हती. सूर्यास्ताच्या आत तिला घरी सोडलं. तक्रार अर्जावर चौकशी चालू, एवढीच नोंद केली. गुन्हा दाखल केला नाही. मुलाने त्यावरून बराच आरडाओरडा केला. म्हटलं, करून घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, भोंगा वाजवत आला. पोदेरासारखा खबरी पोलिसाला दुसरा मिळायचा नाही. रोज सकाळी तो प्रत्येक दाराशी जातो, आणि कोणाला त्याचं नवल वाटत नाही.

पाव मोजता मोजता तो म्हणाला, "सायबानू, डोंगरावर काजूच्या मांगरात कोंबो आरवता."

"मग? कोंबडा आरवणार नाही तर काय गाणार?"

"तसा न्हय ओ. मांगर बंद आसा. काजूचो हंगाम अजून खंय सुरू झालो?"

मांगर म्हणजे बागायतीतली झोपडी. काजूच्या दिवसांत तिथे भट्टी लागते, एरवी कुत्रं फिरकत नाही. मी टोपी चढवली, हवालदाराला घेतलं आणि डोंगर चढलो. दाराला दोरी बांधलेली होती, कुलूप नव्हतं. आत चार शेळ्या. समोर फणसाचा ताजा पाला, मडक्यात पाणी, खाली कोरडं गवत. कोपऱ्यात टोपलीखाली पाच कोंबड्या आणि तो आगाऊ कोंबडा.

मला आनंद व्हायला हवा होता. पण शेळ्या नीट पाहिल्या आणि मी चक्रावलो. एक मागच्या पायाने लंगडी. एक म्हातारी, आटत आलेली. दोन करडं, तीही किरकोळ. गोठ्यात राहिलेल्या शेळ्या मी आदल्या दिवशी पाहिल्या होत्या. भरल्या आचळांची दुभती, धिप्पाड बोकड, तरणीताठी. असला कसला चोर, जो चांगला माल सोडून लंगडी शेळी उचलतो?

हवालदार उकिडवा बसला आणि पुन्हा एकदा मोजू लागला. मग त्याने कपाळावर हात मारला.

"साहेब, बरोबर निम्मी! ही अर्धेली. आमच्या ध्यानात कशी नाय इली?"

मग त्याने मला समजावलं. आमच्या भागात मालक आपली शेळी, कोंबडी दुसऱ्याला सांभाळायला देतो. जी वीण होईल ती निम्मी मालकाची, निम्मी सांभाळणाऱ्याची. तीच अर्धेली. कागद नाही, साक्षीदार नाही, नुसता शब्द. वाटणी करताना पहिली निवड मालकाची. मालक चांगलं उचलतो, उरलेलं दुसऱ्याचं.

म्हणजे बाईने काय केलं होतं? निवड करायला मालकच राहिला नव्हता. म्हणून त्याने जे उचललं असतं ते तिने त्याच्या नावाने गोठ्यात ठेवलं आणि उरलेला आपला वाटा तेवढा बाजूला काढला. तोही घरी नेला नाही. पावणीत विकला जाऊ नये, एवढीच तिची धडपड.

मी थेट मुलाला बोलावून मांगरात आणलं.

"हा मांगर कुणाचा?"

"आमचाच. बाबा भट्टी इथंच लावायचे."

"मग तुमच्या चोराने माल तुमच्याच घरात आणून ठेवलाय. वर पालापाणी केलंय. माझ्या नोकरीत असा चोर मी बघितला नाही."

हवालदाराने अर्धेलीचं सांगितलं. मुलगा लहानपणीच शिकायला बाहेर गेलेला, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो गोंधळला आणि मग चिडला. "अहो, पण तोंड होतं ना तिला! मला येऊन सांगायचं. मी काय तिचा वाटा खाणार होतो?"

"कसा सांगतली?" हवालदार म्हणाला. "बाबू, तुझो बापूस तिच्यासाठी अजून वाटेर आसा, वर पोचूक नाय. बाराव्यापर्यंत त्या घराकडे कोण वाटो मागणा नाय. गेलेल्या माणसाच्या व्यवहाराचो शब्दसुद्धा काढणत नाय. गावातली माणसां तुझ्या पावणीक कित्याक गप रवली, कळला आता?"

"पण मी तर सगळं तिसऱ्याच दिवशी..."

तो भट्टीच्या दगडावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडू लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. वडिलांच्या चितेपाशी तो रडला नव्हता म्हणे. "साहेब," तो म्हणाला, "माझ्या बाबांचं सुतक ती पाळतेय, आणि मी तिलाच पोलिसात दिलं." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रागावलेला माणूस पुष्कळदा रडायचाच राहून गेलेला असतो, हे मी पुढेही खूपदा पाहिलं.

त्याने विमान पुढे ढकललं. बाराव्याला मला निरोप आला, मी साध्या कपड्यांत गेलो. विधी पुन्हा रीतसर झाले. पानं उठल्यावर बाई अंगणात आली, पदर नीट केला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आता इचारा, साहेबानू."

मी विचारलं, "शेरडं कुणाची?"

"चार भाटकाराची, चार माझी. अर्धेलीची." एवढं एक वाक्य बाराव्याआधी बोलावं लागू नये म्हणून ती बाई तुरुंगात जायला तयार होती.

मुलाने मांगरातल्या शेळ्या खाली आणवल्या. आठही फणसाखाली उभ्या केल्या.

"मावशी, पहिली निवड कुणाची?"

"भाटकाराची. तो गेलो, आता तुझी."

तो पुढे झाला. दुभतीवरून, बोकडावरून नजर फिरवत शेवटी लंगडीपाशी थांबला आणि तिची दोरी हातात घेतली. मग म्हातारी, मग ती दोन करडं.

"अरे बाबू, ही कित्या?" बाई घाईघाईने म्हणाली. "हेंका पावणीत कोण घेवचो नाय."

"पावणीत नाही द्यायची," तो म्हणाला. त्याने लंगडीची दोरी तिच्या हातात ठेवली. "ही चारही तुझ्याकडेच ठेव. अर्धेलीने. बाबा ठेवायचे तशीच."

बाईने ती दोरी मुठीत घट्ट धरली. इतके दिवस तिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. माझेही डोळे भरले होते; ते हवालदाराने पाहू नये म्हणून मी फणस मोजत उभा राहिलो.

तक्रार मागे घेतल्याची नोंद करून मी कागद बंद केला. पुढे नोकरीत माझ्या टेबलासमोर कितीतरी गप्प माणसं बसली. काही अट्टल होती, काही भ्यालेली. पण त्या दिवसापासून मी टेबलावर हात आपटणं सोडलं. माणूस बोलेनासा झाला की मी आधी चहा मागवायचो आणि पहिला प्रश्न एकच विचारायचो, "घरात अलीकडे कोणी गेलंय का?"