तायमीची दुर्बीण

तायमी हेइकुरा दुकानात आली आणि स्टुलावर बसली. पहाटे चारला उठून अठरा गाईंचं दूध काढायचं आणि मग चाळीस किलोमीटर गाडी हाकत फिनलंडमधल्या या कुह्मो गावाला यायचं, हे सहासष्टाव्या वर्षी सोपं नाही. मी इथे बंदुका विकतो. तायमी आणि मी शाळेत एका वर्गात होतो.

"ओस्मो, सगळ्यात मोठी दुर्बीण काढ. रायफलीवर बसवायचीय."

कशासाठी, ते मी ओळखलं. गेल्या ऑक्टोबरात तिच्या गोळीने एक मूस, घोड्याएवढं हरीण, नुसता जखमी होऊन पळाला होता. अंधार पडेपर्यंत कुत्रा माग काढत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी जनावर दलदलीत मेलेलं सापडलं. तीस वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्यानंतर शिकारी मंडळाच्या जेवणालाही ती आली नाही.

बारापट दाखवणारी दुर्बीण देऊन मी तिला दारात उभं केलं.

"चर्चचं घड्याळ बघ. काय दिसतंय?"

"धुकं."

बाहेर मे महिन्यातलं लख्ख ऊन होतं. मी काच पुसली, फोकसची कडी फिरवली. मग दुसरी दिली, तिसरी दिली.

"तुझ्याकडे एकही धड काच नाही का रे?"

"डाव्या डोळ्याने बघ."

तिने कुरकुरत डोळा बदलला. "काटासुद्धा दिसतोय," ती म्हणाली आणि दुर्बीण खाली घेतली.

"मोतीबिंदू आहे, तायमी."

"मला काय माहीत नाही? ऑपरेशनचा नंबर नोव्हेंबरात आहे. वाटलं, मोठ्या काचेने तोवर निभावेल."

"मग हा हंगाम सोडून दे."

"ते जनावर डोळ्यांपुढून हलत नाही रे. तेच माझं शेवटचं ठरावं, असं नको वाटतं."

मी कॉफी ओतली. मग कपाटातून दीडपट ते सहापट दाखवणारी एक आखूड दुर्बीण काढली.

"आपल्या झाडीत मूस चाळीस पावलांवर येतो. बारापटीत नुसते केस दिसतील. ही घे, दीडपटीवर ठेव. आणि रायफल डाव्या खांद्याला लाव."

"या वयात?"

"नाहीतर घरी बस."

"मेल्या, गिऱ्हाइकाशी असं बोलतात?"

पण तिने तीच घेतली. उन्हाळाभर दूध काढून झालं की ती नेमबाजीच्या मैदानावर जायची. मूसच्या शिकारीसाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेत जूनमध्ये नापास झाली. बराच वेळ गाडीत बसून राहिली, मग गोठ्याची वेळ झाली म्हणून निघून गेली. ऑगस्टमध्ये परत परीक्षा दिली, तेव्हा चारही गोळ्या बरोबर लागल्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी शिकारीत मी तिच्या शेजारच्याच ठिय्यावर दबा धरून उभा होतो. एकच बार ऐकू आला. मग वायरलेसवर तिचा आवाज आला.

"पडला. जागेवरच. कुणीतरी या, माझ्याच्याने ओढवणार नाही."

मी पोचलो तेव्हा ती पाइनच्या बुंध्याला टेकून बसली होती.

"बरं वाटलं का?" मी विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "पण आता दलदलीतला तो दिसत नाही. जरा बसू दे मला."

मी सुरी काढून एकटाच मूस साफ करायच्या कामाला लागलो.