रंगवलेला रेडिएटर

दिल्ली कॅन्टच्या वर्कशॉपमध्ये मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक म्हणून हजर झालो, तेव्हा शेजारच्या द्वारका वस्तीत माणसांपेक्षा क्रेन जास्त होत्या. मेट्रो नुकतीच तिथवर पोचली होती. गुडगावच्या बाजूला रोज सकाळी एक इमारत उगवायची आणि संध्याकाळी तिला काचा लागलेल्या असायच्या. देशात पैसा आला होता. पूर्वी बाहेरची गाडी पाहायची तर एखाद्या वकिलातीच्या फाटकाशी ताटकळावं लागे. आता मानेसरच्या ढाब्यावर तसल्या गाड्या ट्रॅक्टरशेजारी उभ्या असत आणि ढाब्यावरची पोरं त्यांच्या बॉनेटवर ताटं ठेवत.

त्याच वाऱ्यात आमच्याकडे दोन गाड्या ट्रायलसाठी आल्या. दार नाही, काच नाही. लोखंडी पाइपांचा पिंजरा, चार जाड टायर, ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी एक माणूस, मागे एक जखमी आडवा टाकता येईल एवढी ट्रे. इंजिन दोघांच्या पाठीशी, रेडिएटर पार पुढे नाकावर, आणि पाण्याच्या नळ्या पायांखालून गेलेल्या. रस्ता नसेल तिथे जायचं, हेच तिचं काम. नवरा-बायको फोटोला बसतात तसं शेजारी शेजारी बसायचं, म्हणून खरातनं तिचं नाव ठेवलं 'जोडपं'. आमच्याकडे मग एक नंबर जोडपं आणि दोन नंबर जोडपं झालं.

नायक दिलीप खरात आमचा ड्रायव्हर, माण तालुक्यातला. अंगानं इतका किडकिडीत, की वर्दी दोरीवर वाळत असली काय आणि त्याच्या अंगावर असली काय, लांबून फरक कळत नसे. पण स्टिअरिंग हातात आलं की बघावं. गाडी कुतुबमिनाराच्या पायऱ्यांनी वर नेऊन हा टोकावरून हॉर्न वाजवेल, अशी पैज मी मेसमध्ये कितीदा तरी लावायला निघालो. कोणी पुढे आलं नाही. सगळ्यांना भीती होती की हा खरंच नेईल.

फौजेतला एक आजार तुम्हा सिव्हिलियन लोकांना माहीत नसतो. मोठा साहेब येणार म्हटलं की विटा गेरूनं, झाडांचे बुंधे चुन्यानं आणि टायर पॉलिशनं रंगतात. एका युनिटमध्ये मी कोळशाचा ढीग काळा रंगवताना पाहिलाय. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पुढचं मात्र खरं आहे, आणि ते सांगताना अजूनही माझ्या कानशिलांची शीर उडते.

मी सुट्टीवर गावी असताना व्हिजिट लागली. आमचे सुभेदार साब रेवाडीकडचे. मिशी अशी की एका टोकाला टोपी आणि दुसऱ्याला टॉवेल टांगावा. त्यांनी दोन्ही जोडप्यांना नवरीसारखं नटवलं. आधी आग विझवायच्या पंपानं समोरून धुतलं. मग जे काळं होतं ते आणखी काळं केलं. त्यात रेडिएटरच्या जाळीच्या आतल्या पापुद्र्यांवरही ब्रशनं जाड ऑइल पेंट फासला. वर जाळीसमोर युनिटच्या चिन्हाचा पितळी बोर्ड ठोकला, परातीएवढा. साहेब आले, गाड्या मैदानात एक फेरी फिरल्या, साहेबांनी मान हलवली, समोसे संपले.

मी परत आलो आणि आम्ही मानेसरच्या पलीकडे अरवलीच्या उघड्या टेकड्यांत कॅम्प लावला. मे महिना. हवा अशी की श्वास घ्यायला फुंकर मारून निववावी. पहिल्याच चढावर दोन्ही गाड्यांचे काटे लालमध्ये. शिट्टी, वाफ, आणि खरात बाजूला उभा राहून म्हणतो, "उस्ताद, जोडप्याचं भांडण झालं."

सगळ्यांचं मत लगेच तयार झालं. माल बाहेरचा, थंड देशातला, आपला उन्हाळा याला झेपणार नाही. सुभेदार साबना तर आनंदच झाला. मी म्हटलं, ज्यानं बनवलंय त्यानं उन्हाचा विचार केला नसेल, एवढा तो बावळट नाही. आधी बघू तरी द्या.

इंजिन तापतं तेव्हा घाबरलेला माणूस पहिल्यांदा रेडिएटरची टोपी उघडायला जातो आणि तोंड भाजून घेतो. मी गाडी सावलीला घेतली, हात लावता येईल इतकी निवू दिली, मग पाणी पाहिलं. भरलेलं होतं. कुठे गळती नाही. टोपीचं रबर शाबूत. थर्मोस्टॅट काढला आणि लंगरच्या चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला. तो वेळेवर उघडला. कुकनं त्या पातेल्यातला चहा नंतर कोणाला पाजला ते मी विचारलं नाही. मग नळ्यांत हवा अडकली असेल असं वाटलं, कारण नळ्या लांब आणि रेडिएटर पुढे. गाडीचं नाक खडकावर चढवलं, हवा काढायचा स्क्रू सैल केला, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओतलं. तरी चढावर काटा लाल. पंखा चालू होत होता, उलटा फिरत नव्हता.

शेवटी पितळी बोर्ड काढला, पंखा चालू केला आणि जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं. पंखा मागून हवा ओढतो, तेव्हा पान जाळीला चिकटून बसायला हवं. ते पायाशी पडलं. पुन्हा धरलं. पुन्हा पडलं. मग मी टॉर्च घेऊन वाकलो.

आत हवा जायला वाटच नव्हती. पंपाच्या धारेनं पापुद्रे मुडपले होते, चिखल आतवर ठोसला गेला होता, आणि त्यावर रंगाचा थर, भिंतीला देतात तसा. उरलीसुरली हवा बोर्डानं अडवलेली. मी शिव्या सुरू केल्या. खरात नंतर म्हणाला, माझ्या शिव्या ऐकून दोन टेकड्यांवरचे मोर उडाले. त्यानं हे स्वतःच्या पदरचं घातलेलं असावं, पण मोर उडाले असते तर मला नवल वाटलं नसतं.

एक नंबरचा रेडिएटर मी उतरवला. थिनर आणि मऊ ब्रशनं रंग सोडवला, पंखा होता त्या बाजूनं हलक्या धारेनं पाणी सोडून चिखल उलट दिशेनं बाहेर काढला, हॅक्सॉच्या ब्लेडनं एकेक पापुद्रा सरळ केला. खरात समोर बसला, निम्मे पापुद्रे त्यानंच केले. संध्याकाळी एक नंबर चढावर गेली आणि काटा हलला नाही. त्यानं वरून हात हलवला.

सुभेदार साब आले ते भडकूनच. रंग गेल्यामुळे पत्रा पांढरा दिसत होता.

"नंगी लग रही है. कल फिर विज़िट है. बोर्ड वापस लगाओ. दो नंबर को हाथ नहीं लगाना."

मी सांगितलं की साब, दोन नंबर चढ चढणार नाही. ते म्हणाले, तिला चढायचं कुठे आहे, ती वरच्या पोस्टवर नुसती उभी राहणार. हळूहळू नेऊन उभी करा. विज़िट के बाद जो करना है करो. मी एक नंबरवर बोर्ड तारेनं बांधला, एका हिसक्यात निघेल असा. दोन नंबर खरातनं थांबत थांबत, निववत निववत वर नेली.

दुसऱ्या दिवशी वरच्या पोस्टवर दहा जवानांचा एक सेक्शन सकाळपासून उन्हात उभा. साहेबांची वाट बघत, पूर्ण सामानासह, सरळ रेषेत. त्यात सिपाही जगदीश होता, झज्जरचा, पहिलवान. तो जेवायला बसला की लंगरचा कुक देवाचं नाव घेई. दुपारी बाराच्या पुढे तो झाडासारखा आडवा झाला. अंग तव्यासारखं, घाम बंद, बडबड. सेक्शन कमांडरनं त्याला दोन नंबरच्या ट्रेमध्ये टाकलं. ॲम्ब्युलन्स टेकडीच्या पलीकडे पक्क्या रस्त्यावर होती. मध्ये एक खिंड, एक चढ, आणि तिथे जोडप्याशिवाय काही जात नाही. शेजारच्या सीटवर पाण्याचा एक कॅन होता. साहेब येणार म्हणून रांगेतला दुसरा कोणी सोडला नाही. खरात एकटाच निघाला.

मी खाली कंट्रोलच्या तंबूत, वायरलेस सेटपाशी होतो. एक नंबर बाहेर उभी, बोर्ड चकाकत.

"कंट्रोल, दो नंबर. टेंपरेचर लाल. चढ नहीं ले रही. ओव्हर."

सुभेदार साबनी सेट हातात घेतला. "दो नंबर, रुको. ठंडा होने दो. ओव्हर."

"मरीज बेहोश है. एक नंबर भेजो. ओव्हर."

"साहब पहुँच रहे हैं. एक नंबर यहीं रहेगी. पानी डालो और चलो. ओव्हर."

सेटवर थोडा वेळ नुसती खरखर. मग खरातचा आवाज आला, रोजच्यासारखा.

"पानी मरीज पे डाल दिया. उठा के पैदल निकल रहा हूँ. आउट."

मी सुभेदार साबकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते, गाड्यांचा ताफा दिसतोय का म्हणून. त्या क्षणी मी भांडलो असतो तर पाच मिनिटं गेली असती आणि माझ्या हातात बेड्या आल्या असत्या. म्हणून मी अगदी लाचार आवाजात सांगितलं की साब, एक नंबरचं पाणी टपकतंय, साहेबांच्या बुटावर येईल, तंबूमागे नेऊन क्लिप आवळतो. मिशी हलली. "जल्दी." मी गाडीत पाण्याचे कॅन टाकले, तंबूमागे वळलो आणि तसाच टेकडीला लागलो. पहिल्या वळणावर बोर्ड उपटून फेकला. तो घरंगळत जाताना घंटेसारखा वाजला. पुढे किती दिवस त्याचा शोध चालला होता. मी कोणाला सांगितलं नाही.

चढाच्या मध्यावर दोन नंबर उभी होती, खालून पाणी गळत. रिकामा कॅन ट्रेमध्ये. पुढे ते दोघं नव्हते. मी खिंड ओलांडली, पक्का रस्ता दिसायला लागला, आणि रस्त्याच्या अलीकडे खरात चालत होता. चालत होता म्हणणं बरोबर नाही. जगदीश त्याच्या पाठीवर होता, त्याचे बूट जमिनीवर घासत होते, कारण खरातची उंची त्याला पुरत नव्हती. ओला शर्ट खरातनं जगदीशच्या डोक्याला गुंडाळला होता. स्वतः बनियनवर. मी हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. ॲम्ब्युलन्सवाले धावत आले, त्यांनी जगदीशला उतरवून घेतलं, तेव्हा खरात उभ्याचा खाली बसला.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अंग कोरडं. कॅन तोंडाला लावला तर पाणी ओठांच्या कडेनं बाहेर आलं. पुन्हा लावला. घशात उतरत नव्हतं. "दिल्या," मी म्हटलं, "गीळ." त्याचे डोळे उघडे होते, पण माझ्यावर नव्हते. उरलेलं सगळं पाणी मी त्याच्या अंगावर ओतलं आणि दोघांनाही एकाच ॲम्ब्युलन्समध्ये घातलं.

जगदीश वाचला. नायक दिलीप खरात त्याच संध्याकाळी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये वारला.

पुढे चौकशी बसली. पहिला प्रश्न काय विचारला असेल? ड्रायव्हरनं सरकारी गाडी कोणाच्या परवानगीनं सोडली. मी दोन नंबरचा रेडिएटर उतरवून, तसाच चिखलारंगासकट, टेबलावर नेऊन ठेवला. त्यासमोर वर्तमानपत्राचं पान धरून दाखवलं, मागे हवा ओढेल असा टेबलफॅन लावून. पान पडलं. अध्यक्ष साहेबांनी ते वाकून उचललं आणि मला परत दिलं. निष्कर्ष आला की गाडी आपल्या हवामानाला योग्य नाही. दोन्ही जोडपी परत गेली. सुभेदार साब वेळेवर पेन्शनला गेले, हारतुरे घेऊन. त्यांच्या हाराला मी हात लावला नाही, परवानगीशिवाय गाडी नेल्याची शिक्षा मी निमूट भोगली, आणि आजही एखाद्या गुडगावच्या पोरानं आपल्या ऑफ-रोड गाडीच्या जाळीसमोर लाइटांची पट्टी, झेंडा, नावाची पाटी ठोकलेली दिसली की मी भर पेट्रोलपंपावर त्याच्याशी भांडतो. त्याला वाटतं म्हातारा वेडा आहे. वाटू दे.

खरातची बायको कागदपत्रांसाठी दिरासोबत दिल्लीला आली. दिल्लीत मंत्रालयात नोकरीला असलेल्या एका मराठी माणसानं ओळखीनं त्यांची सोय कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये केली होती. मी भेटायला गेलो. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, पदर खांद्यावरून घेऊन. दीर चहा आणायला खाली गेला. तिनं गाडीचं विचारलं नाही, चौकशीचं विचारलं नाही, पैशांचंही नाही.

"भाऊजी, तुम्ही होता ना शेवटी," ती म्हणाली. "त्यांना पाणी मिळालं का?"

"मिळालं की, वहिनी," मी म्हटलं. "गार पाणी. घटाघटा प्याला. मी स्वतः पाजलं."



"बरं झालं तुम्ही होता," ती म्हणाली. "ते आपणहून कधी मागायचे नाहीत."